ऐकणारीची खुर्ची

मुरुड, ११ नोव्हेंबर २०२५

शिवानी,

सुरुवात कशी करायची यातच पाऊण तास गेला. 'प्रिय' लिहिलं आणि खोडलं, कारण तो हक्क मी गमावलाय. फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर नऊ महिने एकच टिक दिसतेय. पत्र कुणाला ब्लॉक करता येत नाही, म्हणून आता पत्र.

आधी आत्याची खबर. वर फिरणाऱ्या आपल्या दुर्बिणीचं सरकारी नाव अजून कुणाला एका दमात म्हणता येत नाही, त्यामुळे तू ठेवलेलं 'आत्या'च चालू आहे. अजूनही ती सकाळी अकरा चाळीसला समुद्राच्या बाजूने वर येते, अकरा मिनिटं आपल्या टप्प्यात असते, तेवढ्यात काढलेले सगळे फोटो आणि अंगदुखीच्या तक्रारी आपल्या पदरात टाकते, उद्याची यादी घेते आणि डोंगराआड जाते. सव्वाला परत एक चक्कर. रात्रीच्या चकरा दुसरं केंद्र बघतं, म्हणून मी पाचला घरी. टेकडीवरची आपली खोली तशीच आहे, पंखाही तसाच कुरकुरतो.

तीनशे ताऱ्यांची पाळत चालूच आहे. कोण उजळला, कोण मंदावला, रोज तेच. रोज पहिला फोटो झाकण बंद करून घ्यायचा, म्हणजे तिच्या डोळ्याचे स्वतःचे दोष कळतात. त्या काळ्या फोटोत खाली डावीकडे तो जळका डाग आहे, नखाएवढी कोर. संगणक तो आजूबाजूचा उजेड भरून बुजवतो आणि पुढे पाठवतो. बाहेरच्या कुणाला तो दिसत नाही. मी मात्र रोज बघते.

तुझी जागा भरली नाही. येसाजी सर म्हणाले, एक जानेवारीपासून सगळं आपोआप होणार, याद्या परस्पर वर जाणार, मग आता दोन महिन्यांसाठी माणूस कशाला. तोवर नियम जुनाच. एकाने यादी मोठ्याने वाचायची, ऐकणाऱ्याने स्वतःच्या प्रतीत बघून 'जुळलं' म्हणायचं, ते टेबलावरच्या रेकॉर्डरमध्ये उतरलं पाहिजे, मगच बटण दाबायचं. वाचतेही मी आणि ऐकतेही मीच. वर्षअखेरीला जुनी रेकॉर्डिंग पुसून टाकणार आहेत. ते ऐकून मला हलकं वाटलं, हे तुला सांगून टाकते.

लिहायचं खरं कारण वेगळं आहे. परवा अलिबागच्या स्टँडवर तुझा गणराज भेटला. भावाने बहिणीच्या मैत्रिणीला टाळावं तसं त्याने आधी टाळलं, मग स्वतःच आला. तू न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात लागलीस आणि तीन महिन्यांत सोडलंस, असं म्हणाला. गेटवर नंबर लिहायचं काम होतं, आणि तू एक नंबर सात-आठदा तपासायचीस, मागे ट्रेलरची रांग लागायची. घरीही तेच. तो म्हणाला, "ताई ग्यास बंद केलाय का त्यो पाच येला बगते. मंग मला इचारते, मी बंद केला ना? म्हनते, माजा माज्यावर भरवसा न्हाय."

माझी गाडी लागली होती, ती मी सोडून दिली. दुसरी यायला तास लागला.

त्या दिवसाबद्दल काही लिहीत नाही. झालं ते झालं. तू बरी हो एवढंच.

काशिफा


मुरुड, २० नोव्हेंबर

शिवानी,

मागच्या पत्रात एक गोष्ट गाळली.

तू गेल्यावर पहिला आठवडा मी यादी वाचून माझ्याच आवाजात 'जुळलं' म्हणत होते. पाच दिवसांत तीन चुका झाल्या. लहान होत्या, बटण दाबण्याआधी लक्षात आल्या. आपलंच वाचलेलं आपणच तपासायचं म्हणजे डोळे कागदावर टेकतच नाहीत. मग एके दिवशी सहज, गंमत म्हणून, मी तुझ्या आवाजात म्हणाले, "हां, जुळलं."

तुला माझं हे सोंग माहीत आहे. मामूच्या लग्नात मी अख्ख्या वऱ्हाडाच्या नकला केल्या होत्या आणि अम्मीने मला मागच्या दाराने घरी नेलं होतं. तुझी नक्कल तर तुझ्यासमोरच करायचे. तो आधीचा लांबट 'हां', मग श्वास, मग 'जुळलं' थोडं नाकात. तू चिडून मला काशी म्हणायचीस, आणि अब्बा म्हणायचे, चला, आमच्या घरबसल्या तीर्थयात्रा झाल्या.

तर तुझ्या आवाजात म्हटलं की माझे डोळे आपोआप आकड्यावर जातात. चुका थांबल्या. मी तेच चालू ठेवलं. नऊ महिने मी रोज अकरा पस्तीसला वाचणाऱ्या खुर्चीत बसते, माझ्या आवाजात वाचते, मान थोडी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे वळवते आणि तुझ्या आवाजात उत्तर देते. यात काही वाईट आहे असं मला वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर बरं वाटायचं.

या मंगळवारी काय झालं ते लिहिते, हसू नकोस. महिन्याचा अहवाल भरायचा म्हणून रेकॉर्डिंग ऐकत होते. सातव्या ताऱ्याला मी वाचतेय, "सूर्यापासूनचं अंतर त्र्याण्णव अंश, उघडझाप चाळीस..." आणि 'सेकंद' हा शब्द माझ्या तोंडून निघायच्या आत "हां, जुळलं" येतं. वर 'सेकंद' चालू आहे आणि खाली 'हां' चालू आहे. दोन्ही एकाच वेळी.

मी तो तुकडा नऊ वेळा ऐकला. मशीन जुनं आहे, फाईल अडकून पुढेमागे झाली असेल. तू असतीस तर हेच म्हणाली असतीस की काशी, चहा घे आणि गप बस. मी चहा घेतला.

काशिफा


मुरुड, २८ नोव्हेंबर

शिवानी,

मशीन बदलून घेतलं. नवीन आहे, खोक्यातून मीच काढलं.

काल पंधराव्या ताऱ्याला मी आकडा वाचला, थांबले, परत वाचला आणि पुढे गेले. मला आठवतं, हातात चहा होता, एक घोट घेतला आणि मग वाटलं की परत वाचावं. दुपारी रेकॉर्डिंग लावलं. मी वाचते, "सूर्यापासून एकशे बारा." मग कपाचा आवाज. घोट घेतल्याचा आवाज. आणि त्या घोटातच, तुझा आवाज, "हां... परत वाच."

तोंडात चहा असताना माणूस बोलत नाही, शिवानी. मी करून बघितलं. ओढणीवर सांडला.

मी यादी काढली. एकशे बारा नव्हते, एकवीस होते. सूर्यापासून पंचेचाळीस अंशांच्या आत आपण तिला कधीच वळवत नाही. तो तारा यादीत यायलाच नको होता. दुसऱ्यांदा वाचताना मी तो गाळला, हे मला आठवतच नव्हतं. कागदावर माझ्याच पेनाची फुली आहे.

संध्याकाळी कुलूप लावताना आपले वॉचमन बाळाजी काका फाटकाशी आले. बराच वेळ चावीशी खेळत उभे राहिले. मग म्हणाले, "म्याडम, शिवानी म्याडम परत लागल्या काय? धा-बारा दिस झालं, दोगी बोलताव ना आत."

मी म्हटलं, काका, मीच दोन्ही आवाज काढते, नियम आहे तसा. त्यांना पटलं असावं, कारण ते हसले. पण जाताना म्हणाले, "त्या म्याडम जास्त बोलत व्हत्या, म्हून इचारलं."

मी एका वेळी एकच शब्द बोलते, 'जुळलं'. फार तर दोन.

घरी अम्मीने कुराणातली आयतुल कुर्सी पढून माझ्यावर फुंकलं. मी तिला काही सांगितलं नव्हतं. तिला चेहऱ्यावरून कळतं, आणि तुला आवाजावरून कळायचं.

काशिफा


मुरुड, ९ डिसेंबर

शिवानी,

आता लिहितेच. घाबरून लिहितेय, हेही खरं.

गेल्या जानेवारीत तुझ्या आईचा मोतीबिंदू काढला. तुझी रजा संपलेली. गणराज मावशींना उरणहून अलिबागच्या डॉक्टरकडे आणायचा आणि तू इथून जायचीस, महिन्यात चार वेळा, कधी मंगळवारी तर कधी बुधवारी. मी म्हटलं, जा, इथलं मी बघते. ते मी मैत्रीनेच म्हटलं होतं. त्यात खोट नव्हती.

एकवीस तारखेला, मंगळवारी, तू गेलीस. हजेरीपटावर तुझी सही मी केली. अकरा पस्तीसला यादी वाचली. मकर राशीतला तो तारा होता, आपण फक्त जुलैच्या सुमारास बघतो तो. मी घाईत जुलैची जुनी यादी उघडून त्यावरून आकडे घेतले होते. जुलैत तो सूर्यापासून लांब होता. जानेवारीत तो सूर्याला जवळजवळ चिकटलेला होता. ऐकणारी खुर्चीत असती आणि तिच्या हातात नवी प्रत असती, तर एका क्षणात तिने मला थांबवलं असतं.

खुर्ची रिकामी होती. मी तुझ्या आवाजात म्हणाले, "हां, जुळलं." आणि बटण दाबलं.

आत्याने अकरा सेकंद सूर्याकडे बघितलं. मग तिने स्वतःच झाकण लावलं आणि झोपली. ती उठायला सहा दिवस लागले. कुठल्या आकड्याने झालं ते शोधायला तीन आठवडे गेले. पुढचं तुला माहीत आहे, चौकशी, वरून आलेले ते दोन साहेब, आणि टेबलावर रेकॉर्डर. वाचणाऱ्याकडून चूक होते, ती पकडायलाच ऐकणारा असतो, असं ते म्हणाले. त्यामुळे मला ताकीद आणि तुला घरी.

तुला माहीत नाही ते एवढंच. तुला वाटलं होतं की त्या मंगळवारी तू अलिबागला होतीस, पण नक्की आठवेना, चार फेऱ्या एकमेकींत मिसळल्या होत्या. त्यांनी रेकॉर्डिंग लावलं आणि तू स्वतःचा आवाज ऐकलास. मी तुझा चेहरा बघत होते. मला वाटलं आता तू म्हणशील, ही काशीची नक्कल आहे. तू म्हणाली नाहीस. तूसुद्धा ओळखलं नाहीस, एवढं ते बेमालूम होतं, आणि माझ्या आत कुठेतरी त्याचा अभिमानही वाटला. शरम वाटते लिहायला, पण वाटला होता.

मग बाहेर व्हरांड्यात तू मला विचारलंस, "काशी, मी त्या दिवशी कुठे होते गं?"

मी म्हणाले, "इथेच होतीस. माझ्यासमोर."

तू मान हलवलीस, आत गेलीस आणि सही केलीस. घरात माझ्या एकटीचा पगार येत होता, तेव्हा अब्बांचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, ही सगळी कारणं मी दहा महिने स्वतःला सांगितली. ती खरी आहेत. पण गणराज जे सांगत होता त्याच्यासमोर ती उभी राहत नाहीत. तुझी नोकरी गेली ती दुसरी मिळाली असती. मी तुझा तुझ्यावरचा भरवसा काढून घेतला, आणि तो कुठल्या कचेरीत अर्ज करून मिळत नाही.

काशिफा


मुरुड, १६ डिसेंबर

शिवानी,

आज ठरवून गेले होते की तुझ्या आवाजात बोलायचं नाही. माझ्याही नाही. यादी वाचेन आणि गप्प बसेन.

अकरा पस्तीसला वाचायला लागले. वीस तारे, सगळे आकडे दोनदा तपासलेले. वाचून झालं. बाहेर अँटेनाची मोठी तबकडी आत्याच्या दिशेने फिरायला लागली, तिचा तो दळणासारखा आवाज येत होता. फोटो आपोआप उतरत होते. मी समोरच्या खुर्चीकडे बघत होते. भर दुपार होती, खिडकीतून खाली सुरूची झाडं आणि वाळत घातलेले बोंबील दिसत होते, आणि मला त्या खुर्चीवरून नजर काढवेना. उत्तर आलं नाही. उत्तर नाही तर बटण नाही. अकरा मिनिटं संपली आणि आत्या उद्याचं काम न घेता डोंगराआड गेली. सव्वाच्या चकरेलाही मी बटणाला हात लावला नाही. आपल्या केंद्राच्या नोंदीत असा दिवस पहिलाच.

मग मी रेकॉर्डिंग लावलं. माझं वाचन, मग पंखा, तबकडी आणि माझा श्वास. दहा मिनिटं तेच. बंद करणार होते. शेवटी शेवटी, तबकडी थांबल्यावर, अगदी रेकॉर्डरजवळ तोंड नेऊन बोलावं तसा तुझा आवाज आला.

"काशी, मी कुठे होते?"

मी तशीच येसाजी सरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. सही, जुलैची यादी, आवाज, व्हरांडा. ते भले आहेत, सगळं ऐकून घेतलं. आधी त्यांनी आजचं रेकॉर्डिंग ऐकलं. त्यांना फक्त पंखा ऐकू आला. मग कपाटातून एकवीस जानेवारीचं काढून लावलं आणि म्हणाले, "हा शिवानीचाच आवाज आहे. मी तीन वर्षं रोज ऐकलाय."

मी म्हटलं, थांबा, काढून दाखवते. 'हां' म्हणायला तोंड उघडलं. माझा आवाज आला. परत म्हटलं, परत माझाच. नाकातून, घशातून, सगळं करून बघितलं. काल दुपारपर्यंत रोज काढत होते, शिवानी. आता तो माझ्याजवळ नाही. सरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाले, चार दिवस रजा घे, एकटीने काम करून माणसाचं असं होतं.

म्हणजे मी खरं बोलले आणि कुणाला ते पटलं नाही. तुझं काय झालं असेल ते मला आज कळलं.

काशिफा


मुरुड, १७ डिसेंबर

शिवानी,

आधीची पाच पत्रं मी लिहिली आणि पोस्टात टाकलीच नाहीत. कपड्यांच्या कपाटात ठेवली होती. आज सगळी एकत्र पाठवतेय, तारखेप्रमाणे लावून, काही न खोडता. मी कुठे खोटं बोलले, कुठे गाळलं, ते तुला दिसायला हवं.

यासोबत पारदर्शक पिशवीत एक कागद आहे. तो जपून काढ.

त्या मंगळवारी तू माझी निळी कापडी पिशवी घेऊन गेली होतीस. दुसऱ्या दिवशी परत दिलीस. फेब्रुवारीत, तू गेल्यावर आठवड्याने, मी ती धुवायला काढली तेव्हा आतल्या खिशात हे निघालं. एस.टी.चं तिकीट. मी ते फाडायला हवं होतं, पण फाडवलं नाही, आणि कुणाला दाखवलंही नाही. तिजोरीच्या खणात ठेवलं आणि अधूनमधून बघत राहिले. ते मशीनचं तिकीट असतं ना, अक्षर आपोआप उडत जातं. दर महिन्याला थोडं फिकं दिसायचं. मला वाटायचं, एक दिवस कोरं होईल आणि मी सुटेन.

काल घरी येऊन बघितलं. बसचा नंबर गेलाय. भाडंही वाचता येत नाही. बाकीचं अजून आहे. आज सकाळी त्याच्या प्रती काढल्या. एक येसाजी सरांना दिली, एक वरच्या ऑफिसला, सोबत माझा लेखी जबाब आणि राजीनामा. सरांनी अस्सल तिकीट उजेडात धरून बघितलं आणि मागची बाजू उलटली. मागे तुझं अक्षर आहे, निळ्या पेनाने. डॉक्टरांनी सांगितलेलं तू बसल्या बसल्या लिहून घेतलं असशील. 'आई, डावा डोळा, एक थेंब सकाळी, दोन दुपारी, पाणी लावू नये.' ते वाचून सरांनी कागद पुढे ओढला. एकवीस जानेवारीचं रेकॉर्डिंग पुसायचं नाही, असं त्यांनी माझ्यासमोर लिहून दिलं.

अस्सल तिकीट तुझं आहे, म्हणून तुला. ऑफिसला लागेल तेव्हा तुला वाटलं तर दाखव, नाही वाटलं तर नको. मला माफ कर असं लिहीत नाही. ते तुझ्यावर आणखी एक काम टाकल्यासारखं होईल.

आज अकरा चाळीसला मी खालच्या रस्त्यावर होते, वरच्या ऑफिसचं पाकीट टाकायला पोस्टात निघालेले. वर टेकडीवर तबकडी फिरताना दिसली. सरांनी स्वतः वाचायला बसून बाळाजी काकांना समोर बसवलं होतं, असं नंतर कळलं. काकांना ऐकणाऱ्या खुर्चीत बसवेना, ते स्टूल घेऊन बसले.

तू विचारलं होतंस, मी उत्तर दिलं ते खोटं होतं. खरं उत्तर हे. मंगळवार, एकवीस जानेवारी, मुरुड ते अलिबाग, महिला एक, वेळ दहा चौतीस. आत्या वर आली तेव्हा तुझी गाडी रेवदंड्याच्या पुलाच्या आसपास असेल. मांडीवर माझी निळी पिशवी असेल आणि तू आईचा विचार करत असशील.

तुला बरोबर आठवत होतं, शिवानी. तू इथे नव्हतीस.

काशिफा